घाटातली शर्यत मैदानात आणा

नंदुरबार जिल्ह्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, याला आता बरीच वर्षे झाली. धडगावच्या बाजारातून मीठ-तेलाची पिशवी हँडलला अडकवून पाड्याकडे निघालेला बाप, अक्कलकुवा तालुक्यातल्या दूरच्या शाळेवर जाणारे गुरुजी, औषधांची पेटी मागे बांधून फिरणारा आरोग्यसेवक, गुजरातेत ऊसतोडीचा हंगाम करून आलेल्या पैशांतून पहिला हप्ता भरलेला तरुण, या सगळ्यांचे दोन पाय म्हणजे ही फटफटी. एसटी जेथे थांबते तेथून तिचे राज्य सुरू होते. सातपुड्याच्या घड्यांमध्ये जेथे डांबर संपते आणि मुरूम लागतो, मुरूम संपतो आणि नुसते दगडगोटे लागतात, तेथेही ती जाते. एका गाडीवर तीन माणसे आणि धान्याचे पोते घेऊन ओल्या उतारावरून, ब्रेकला हात न लावता केवळ गिअरवर गाडी उतरवणारी मुले मी पाहिली आहेत. कोणत्याही शहरी मोटारसायकलस्वाराला ते जमणार नाही.

हे कौशल्य आहे. परंतु त्याला आपण कधी कौशल्य म्हटले नाही. ते आपल्याला दिसते तेव्हा बहुधा बातमीच्या रूपाने दिसते, आणि ती बातमी चांगली नसते. तोरणमाळचा सातपायरी घाट, तळोद्याहून धडगावकडे चढणारा चांदसैलीचा घाट, ही नावे उच्चारली की येथल्या घराघरांतून सुस्कारा निघतो. सणासुदीला, सुटीच्या दिवशी, पावसाळ्यात ढग खाली उतरले की तरुणांच्या टोळ्या या घाटांत जमतात. कोण आधी वर पोहोचतो, कोणते वळण कोण किती वाकून घेतो, यावर पैजा लागतात. एकजण मोबाइलवर चित्रण करतो. पोलीस येतात, दंड करतात, कर्णकर्कश सायलेन्सर काढून घेतात. पुढच्या सुटीला पुन्हा तेच.

माझे म्हणणे सरळ आहे. शर्यतीची हौस दंडाने मरत नाही. ती जागा बदलते. म्हणून आपणच तिला जागा दिली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर आधी, मोटारसायकलींसाठी मातीचा एक बंदिस्त, नियमबद्ध ट्रॅक हवा. हे ऐकून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. कुपोषणाच्या प्रश्नाशी ज्याचे नाव जोडले गेले आहे त्या जिल्ह्यात शर्यतीचे मैदान? या आक्षेपाकडे मी येणारच आहे; परंतु त्याआधी मोटारसायकल शर्यत म्हणजे नेमके काय आणि तिचा आपल्याशी संबंध काय, हे पाहू.

जगाची शर्यत आणि आपले चाकण

मोटोजीपी ही मोटारसायकल शर्यतींची सर्वोच्च पायरी. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या या गाड्या युरोपातल्या, जपानातल्या. त्यांचा आपल्या मातीशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा संबंध आहे आणि तो थेट पुणे जिल्ह्यातून जातो.

ऑस्ट्रियातील केटीएम ही कंपनी या शर्यतींतले एक मोठे नाव. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये या कंपनीचे साडेचौदा टक्के भाग घेतले आणि पुढे तो वाटा वाढवत नेला. केटीएमच्या लहान इंजिनांच्या गाड्या चाकणला बनू लागल्या आणि तेथून जगभर गेल्या. नंदुरबारच्या बसस्थानकासमोर जी नारिंगी रंगाची गाडी उभी दिसते, तिच्याच नात्यातली गाडी स्पेनच्या आणि इटलीच्या ट्रॅकवर धावते. २०१७ मध्ये केटीएम मोटोजीपीत उतरली आणि २०२० मध्ये झेक प्रजासत्ताकातील बर्नो येथे दक्षिण आफ्रिकेच्या ब्रॅड बिंडरने तिला पहिला विजय मिळवून दिला.

मग दिवस फिरले. विकल्या न गेलेल्या गाड्यांचे ढीग साचले, कर्ज डोईजड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला. कारखाना काही महिने बंद राहिला. पेद्रो अकोस्टासारखा विशीतला, उद्याचा विश्वविजेता मानला जाणारा स्पॅनिश खेळाडू ज्या संघाकडून धावत होता, तो संघ पुढच्या वर्षी मैदानात असेल की नाही याची चर्चा जगभर सुरू झाली. त्या संघाला कोणी तारले? बजाजने एकूण ८० कोटी युरोंची व्यवस्था केली, धनकोंचे पैसे मे २०२५ मध्ये ठरल्या मुदतीत भरले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा बजाजकडे आला. जगातल्या एका अव्वल संघाचे भवितव्य आकुर्डीच्या कचेरीत ठरले, ही गोष्ट आपल्याकडे क्रीडापानावर आली नाही. ती अर्थविषयक पानावर येऊन गेली.

दुसरे उदाहरण मुंबईच्या महिंद्रचे. शेतकऱ्याला ट्रॅक्टरमुळे परिचित असलेल्या या समूहाने २०११ ते २०१७ या काळात जागतिक शर्यतींच्या सर्वांत लहान गटात, आधी १२५ सीसी आणि नंतर मोटो-थ्रीमध्ये, स्वतःच्या गाड्या उतरवल्या. जून २०१६ मध्ये नेदरलँड्समधील आसेन येथे फ्रान्सेस्को बनाया या इटालियन तरुणाने महिंद्रला पहिला विजय मिळवून दिला. हाच बनाया २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. २०२४ चा विश्वविजेता होर्गे मार्टिन हाही त्या दिवसांत महिंद्रच्याच गाडीवर शिकत होता. म्हणजे लागोपाठ तीन वर्षे जगज्जेतेपद मिळवणारे दोन खेळाडू एका मराठी मुलुखातल्या कंपनीच्या गाडीवर घडले.

आता खरा प्रश्न. पैसा आपला, कारखाने आपले, गाड्यांवर नाव आपले. मग स्वार आपला का नाही?

स्वार कोठून येतात?

या प्रश्नाचे उत्तर नकाशात आहे. २०११ मध्ये जागतिक शर्यतीत उतरलेला सरथ कुमार चेन्नईचा. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची भारतातली पहिली शर्यत झाली, तेव्हा मोटो-थ्री गटात खास प्रवेश मिळालेला कडाई यासीन अहमद हाही चेन्नईचाच. (ही भारतीय शर्यत पुढे २०२४ आणि २०२५ मध्ये झाली नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) चेन्नईच्या मुलांच्या मनगटात काही वेगळे रक्त वाहते काय? नाही. चेन्नईजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली एक पडीक धावपट्टी होती. तेथील हौशी मंडळींनी १९५० च्या दशकात तिच्यावर शर्यती सुरू केल्या. त्यातूनच पुढे इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० मध्ये पक्का ट्रॅक उभा राहिला. कोइमतूरला दुसरा झाला. जवळच होसूरला टीव्हीएसचा कारखाना, त्यांचा स्वतःचा शर्यतीचा विभाग. मैदान झाले, मग शिक्षक आले, मग स्पर्धा आल्या आणि शेवटी खेळाडू आले. हा क्रम उलटा कधीच होत नाही.

आपल्याकडेही कोंब फुटू लागले आहेत. पुण्याचा ऋग्वेद बारगुजे मातीच्या ट्रॅकवर, उंच उड्यांच्या सुपरक्रॉस प्रकारात नाव काढून आहे. पुण्याचाच सार्थक चव्हाण टीव्हीएसच्या संघातून डांबरी ट्रॅकवरच्या राष्ट्रीय शर्यती गाजवतो. सुपरक्रॉसच्या नव्या भारतीय लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. मावळात नानोली येथे अलीकडे एक खासगी ट्रॅक झाला आहे. या नानोलीचे नाव आजवर शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीमुळे माहीत होते, ही एक गमतीची गोष्ट. पण हे सारे पुण्याच्या आसपास आणि खिसा जड असणाऱ्यांसाठी. नंदुरबारहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. धडगावच्या मुलाला त्या फाटकातून आत कोण घेणार?

येथे आपण आपल्याच राज्यातला दुसरा अनुभव आठवावा. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्यासारख्या लहानशा आदिवासी पाड्यावरून आली आणि ऑलिम्पिकपर्यंत धावली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला किसन तडवी लांब पल्ल्याचा राष्ट्रीय दर्जाचा धावपटू झाला. डोंगर चढून उतरून त्यांचे पाय तयार झालेलेच होते. नाशिकच्या मैदानाने आणि प्रशिक्षकाने त्या पायांना दिशा दिली. जे पायांच्या बाबतीत खरे, ते हाताच्या पकडीच्या आणि तोल सांभाळण्याच्या बाबतीत खोटे कसे असेल?

घाटात शिकलेली विद्या घाटातच का मारते

शर्यतीतला स्वार वळण कसे घेतो, हे समजून घेतले की घाटातली शर्यत इतकी जीवघेणी का, हे आपोआप कळते.

वळणावर वेग टिकवायचा तर वळणाची त्रिज्या मोठी करावी लागते. त्यासाठी स्वार रस्त्याच्या बाहेरच्या कडेने वळणात शिरतो, मध्यावर आतल्या कडेला अगदी चिकटतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जाऊन बाहेर पडतो. बाहेर-आत-बाहेर, ही शर्यतीची बाराखडी. मोटोजीपीतले स्वार साठ अंशांच्या पुढे गाडी कलती करतात, त्यांचे कोपर जमिनीला घासते. हे सारे शक्य होते, कारण ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही आणि वळणाबाहेर कडा नसून वाळूचे मोकळे मैदान असते.

हीच रेषा घाटात आखून पाहा. बाहेरची कडा म्हणजे एकतर दरी किंवा समोरून येणाऱ्या गाडीची बाजू. म्हणजे जो मुलगा शर्यतीची विद्या जितकी बरोबर शिकेल, तितका तो घाटात समोरच्या जीपवर अधिक नेमका जाऊन आदळेल. त्याच्या हातात दोष नाही. विद्या बरोबर आहे, जागा चुकीची आहे. आणि या चुकीची किंमत तो एकटा मोजत नाही; समोरून दवाखान्यात जाणारे एखादे कुटुंबही मोजते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार त्यांत पन्नास हजारांहून अधिक. हे सगळे शर्यतीचे बळी नव्हेत, हे उघड आहे. पण या रस्त्यांवर शर्यतीची भर परवडणारी नाही, हेही तितकेच उघड आहे.

तुर्कस्तानातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. अलान्या या गावी आरिफ राझगातलिओलू नावाचा कसरतपटू होता. एका चाकावर गाडी चालवण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. लोक त्याला 'एकचाकी आरिफ' म्हणत. २०१७ मध्ये मोटारसायकलच्याच अपघातात त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा तोपराक. त्यालाही बापाची सगळी कला आली. परंतु त्याला केनान सोफुओलू हा विश्वविजेता गुरू भेटला, ज्याने स्वतःचे दोन भाऊ अपघातांत गमावले होते. गुरूने या मुलाला ट्रॅकवर आणले, शिस्तीत बांधले. तोपराक २०२१, २०२४ आणि २०२५ असा तीनदा सुपरबाइकचा जगज्जेता झाला आणि २०२६ च्या हंगामासाठी यामाहाच्या गाडीवर मोटोजीपीत करारबद्ध झाला. कौशल्य बापाजवळही होते आणि मुलाजवळही. मुलाला गुरू आणि मैदान मिळाले.

रस्त्यावर गुन्हा, ट्रॅकवर संशोधन

या विषयाची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. मोटोजीपीतली गाडी दुकानात मिळत नाही. नियमानेच ती 'प्रोटोटाइप' असावी लागते, म्हणजे केवळ शर्यतीसाठी घडवलेला नमुना. तिला दिवा नसतो, आरसा नसतो, नंबरप्लेट नसते. डुकाटीच्या अभियंत्यांनी २०१५ च्या सुमारास गाडीच्या तोंडाला पंख लावले तेव्हा लोक हसले. वेग वाढला की पुढचे चाक उचलले जाते, ते हवेच्या दाबाने खाली धरून ठेवणे हे त्या पंखांचे काम. पुढे त्यांनी सरळ रस्त्यावर गाडीची मागची बाजू खाली बसवणारी यंत्रणा आणली. हसणारे सारे कारखाने हळूहळू त्याच वाटेने गेले. आता २०२७ पासून या यंत्रणेवर बंदी येणार आहे, पंख आखूड होणार आहेत आणि इंजिन १००० सीसीवरून ८५० सीसीवर येणार आहे. कारण वेग माणसाच्या आवाक्याबाहेर चालला, असे नियम करणाऱ्यांनाच वाटू लागले.

होंडाने तर १९७९ मध्ये गोल पिस्टनऐवजी लांबट पिस्टनचे, बत्तीस व्हॉल्व्हचे इंजिन ट्रॅकवर आणले होते. एनआर ५०० हे तिचे नाव. त्या गाडीला एकही जागतिक शर्यत जिंकता आली नाही. कोट्यवधी येन पाण्यात गेले असे कोणी म्हणेल. पण ते इंजिन घडवणाऱ्या तरुण अभियंत्यांनीच पुढे होंडाच्या विजयी गाड्या घडवल्या. फसलेला नमुना हीसुद्धा एक शाळाच असते.

परंतु ही झाली श्रीमंतांची कथा. मला अधिक भावते ती न्यूझीलंडच्या जॉन ब्रिटनची. क्राइस्टचर्चला राहणाऱ्या या माणसाला वाचन-लेखनाची उपजत अडचण होती. चार-सहा मित्रांना घेऊन त्याने घरच्या कारखान्यात एक मोटारसायकल घडवली. गाडीच्या अंगाचा आकार त्याने तारा वाकवून ठरवला. इंजिनाचे भाग भाजायला मातीची भांडी भाजण्याची घरचीच भट्टी वापरली. नेहमीची चौकट त्या गाडीला नव्हतीच. रेडिएटर चक्क बसण्याच्या जागेखाली होता. १९९२ मध्ये अमेरिकेत डेटोना येथे ही घरगुती गाडी डुकाटीच्या कारखान्यातल्या गाडीला मागे टाकत होती आणि विजेच्या एका किरकोळ बिघाडाने ऐनवेळी बंद पडली. १९९४ मध्ये तिने तीच शर्यत जिंकली. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या ४५ व्या वर्षी, ब्रिटन कर्करोगाने गेला. त्याच्या अवघ्या दहा गाड्या आज जगभरच्या संग्रहांत मानाने उभ्या आहेत.

ब्रिटनबद्दल वाचताना मला आपले मिस्त्री आठवतात. शहादा, तळोदा, नवापूरच्या गॅरेजांत चक्कर टाका. जुन्या फटफटीचे इंजिन फवारणीच्या पंपाला जोडलेले दिसेल, तीनचाकी हातगाडी ओढणारी मोटारसायकल दिसेल, मोडलेल्या स्प्रिंगच्या जागी भलत्याच गाडीची स्प्रिंग बेमालूम बसवलेली दिसेल. याला आपण 'जुगाड' म्हणून हसण्यावारी नेतो. आणि कायद्याने तो गुन्हाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. रस्त्यासाठी हे कलम योग्यच आहे. परंतु मग बदल करून पाहायची जागा कोणती? बंदिस्त ट्रॅक. रस्त्यावर जो गुन्हा, तोच ट्रॅकवर प्रयोग ठरतो.

आणि आपल्याला कोणत्या नमुन्याची गरज आहे, हेही येथेच सांगतो. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही आजारी माणसाला, अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. मुंबईत २०१७ मध्ये मोटारसायकल-रुग्णवाहिका सुरू झाल्या. पण शहरातल्या त्या गाडीवरून डॉक्टर रुग्णापर्यंत लवकर पोहोचतो, रुग्ण दवाखान्यापर्यंत येत नाही. सातपुड्याच्या उतारावर झोपलेल्या रुग्णाला न हिंदकळता आणेल, अरुंद पायवाटेवरून जाईल, ओढ्यात बंद पडणार नाही, अशी गाडी कोणत्याही मोठ्या कारखान्यात मिळत नाही. ती येथल्या मिस्त्र्याने, तंत्रनिकेतनातल्या आणि आयटीआयमधल्या पोरांनी मिळून घडवायची आहे. ती घडवताना दहा नमुने फसतील. ते रुग्णाला घेऊन दरीत फसण्यापेक्षा ट्रॅकवरच्या मातीत फसलेले बरे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

ट्रॅक म्हणजे सुरक्षितता, असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय शर्यतीत बंगळूरुच्या श्रेयस हरीशचा मृत्यू झाला. तो तेरा वर्षांचा होता, अतिशय गुणी होता आणि त्याच्या अंगावर सगळी संरक्षक साधने होती. ज्या घरात मुले आहेत त्यांनी ही गोष्ट विसरू नये, आणि मैदान मागणाऱ्यांनी तर मुळीच विसरू नये. म्हणूनच माझी मागणी डांबरी ट्रॅकची नाही, मातीच्या ट्रॅकची आहे. मातीत वेग मर्यादित राहतो आणि पडणे नित्याचे असले तरी बहुधा खरचटण्यावर निभावते. इंजिन लहान, एका वेळी धावणारे स्वार मोजके. वाहन चालवण्याचा परवाना ज्या वयात मिळतो त्याआधी स्पर्धेत प्रवेश नको, असेही माझे मत आहे. त्याहून लहान मुलांना शिकवायचे असेल तर संथ गतीने, शर्यतीविना शिकवावे.

आता पैशांचा आक्षेप. पाणी, रस्ते, दवाखाने हवेत, शर्यती कशाला? मी म्हणेन, पाणी आणि दवाखाने आधीच हवेत, त्यात वाद नाही. परंतु मातीच्या ट्रॅकला लागते काय? चार-सहा एकर पडीक जमीन, ट्रॅक्टर, कडेला रचायला जुने टायर, कुंपण, प्रशिक्षित माणसे आणि शर्यतीच्या दिवशी हजर असलेली रुग्णवाहिका. ज्या तालुक्यात तरुण हप्त्यावर लाखाची गाडी घेतो आणि हेल्मेटला पैसे नाहीत म्हणतो, तेथे हेल्मेटची सवय लावणारी यापेक्षा प्रभावी शाळा मला ठाऊक नाही. हेल्मेट नाही तर ट्रॅक नाही, हा नियम ऐकून मुलगा जे शिकेल, ते शंभर फलकांनी साधणार नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतीला कैदेची आणि दंडाची शिक्षा सांगते. पण ते नीट वाचावे. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना झालेल्या शर्यतीबद्दल ते आहे. संमतीचे दार कायद्यानेच उघडे ठेवले आहे. बैलगाडा शर्यतींचे पाहा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, राज्याने २०१७ मध्ये कायदा केला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो ग्राह्य धरला. आज जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, नियमांच्या चौकटीत त्या होतात. बैलांसाठी सरकारने जे केले, ते माणसांच्या मुलांसाठी करायला हरकत नसावी.

सारंगखेड्याचा धडा

आणि शर्यत आपल्या जिल्ह्याला नवी थोडीच आहे? तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला देशभरातून घोडे येतात. तेथे जाणकार माणूस घोड्याच्या रंगाला भुलत नाही, त्याची चाल पाहतो. रेवाल चालीवर पाण्याने भरलेला पेला हिंदकळू नये, अशी अपेक्षा बाळगणारे शौकीन तेथे भेटतात. घोडा किती पळतो यापेक्षा स्वाराचा त्याच्यावर किती ताबा आहे, याला तेथे किंमत. शर्यतीचे मैदान वेगळे, बाजार वेगळा, पाहणाऱ्यांची जागा वेगळी. घोड्याने भर बाजारात धाव घेतली तर मालकाला लोक सोडणार नाहीत. पिढ्यान्पिढ्या हे नियम कोणी लिहून न देता पाळले गेले.

तेवढेच शहाणपण यंत्राच्या घोड्याला लावायचे आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाने जागा द्यावी, परिवहन कार्यालय आणि पोलिसांनी देखरेख करावी, देशातल्या मोटार क्रीडा क्लबांच्या महासंघाकडून नियम आणि पंच घ्यावेत. यात्रेतल्या जनावरांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून शर्यतीचे दिवस यात्रेपासून दूर ठेवावेत. रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा दंड ज्याच्या नावावर असेल त्याला त्या वर्षी ट्रॅकवर प्रवेश नसावा. घाटातल्या पोरांना आवर घालण्याचा याहून चांगला लगाम मला सुचत नाही. आणि वेगाच्या शर्यतीबरोबरच डोंगरी रुग्णवाहिकेच्या नमुन्यांची स्पर्धा दरवर्षी व्हावी. त्यातला पेला हिंदकळला की गुण गेले.

यातून उद्याच जगज्जेता निघेल, असे आश्वासन मी देत नाही. ब्राझीलच्या दियोगो मोरेराने २०२५ मध्ये मोटो-टूचे विश्वविजेतेपद मिळवले, तोवर त्या एवढ्या मोठ्या देशालाही ते कधी मिळाले नव्हते. आपल्याला वेळ लागेल. कदाचित आपला पहिला मोठा स्वार शहाद्याचा नसेल, शिरपूरचा किंवा साक्रीचा असेल. कदाचित स्वार मिळणारच नाही, एखादा चांगला मिस्त्री मिळेल. काहीच मिळाले नाही, तरी आठवड्यातून एक दिवस घाट मोकळा राहील, आणि संध्याकाळी मुलगा चिखलाने माखून, गुडघा खरचटून का होईना, स्वतःच्या पायांनी घरी येईल. ज्यांच्या घरी तो आला नाही, त्यांना विचारा, याची किंमत किती.